हंड्यावरचं नाव

माझी मुलगी सायली पुण्यात अक्षरं काढते. हे वाक्य घाटनांदूरच्या बाजारात एकदा म्हणून बघा, मग माझे हाल कळतील. कुणी विचारतं, बालवाडीत लागली का? कुणी विचारतं, पाटीवर काढते की वहीत? गावातले मोठे बागायतदार बद्रीनाथराव तर एकदा चार माणसांत म्हणाले, "बंकट, एवढं शिकवलं पोरीला, आन् ती अजून बाराखडीतच हाय व्हय?"

आधी मी समजावून सांगायचो. मोबाईलवर, पेपरात, लग्नपत्रिकेत आपण जी अक्षरं वाचतो त्यांना कुणीतरी वळण दिलेलं असतं. जुन्या छापखान्यांत शिशाचे खिळे असायचे, एकेका अक्षराचा एकेक. छापखाने बंद पडले, खिळे भंगारात गेले आणि ती वळणंही गेली. ती शोधायची, डागडुजी करायची आणि कॉम्प्युटरवर पुन्हा उभी करायची, हे सायलीचं काम. त्याला फॉन्ट म्हणतात. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असायचा आणि तो म्हणायचा, "पर पगार देतेत ना?" हल्ली मी एवढंच सांगतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. लोक गप्प बसतात.

आमचं भांड्यांचं दुकान. ते माझ्या वडिलांनी, शहादेवांनी, सुरू केलं. पण लोक यायचे ते भांड्यांपेक्षा नाव घालून घ्यायला. लग्नात द्यायच्या भांड्यावर देणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, ही आपल्याकडची रीतच. आता त्यासाठी विजेचं मशीन आहे. घर्रर्र केलं की नाव तयार. ते मशीन मी चालवतो आणि माझं अक्षर असं येतं की ज्याचं नाव त्यालाच वाचता येत नाही. वडील छिन्नी-हातोडीनं घालायचे. मांडीवर पोतं, पोत्यावर भांडं. हात जागचा हलायचा नाही, भांडं फिरायचं. टिक टिक टिक टिक, ठिपक्याला ठिपका लागून रेघ व्हायची. आधी वरची रेघ भांड्याभोवती फिरवायचे आणि मग दोरीवर धुणं वाळत घालावं तशी अक्षरं तिला लटकवायचे.

एक खोट मात्र होती. जागेचा अंदाज त्यांना जन्मात आला नाही. नावाची पहिली अक्षरं ऐसपैस मांडी घालून बसलेली आणि शेवटची भरल्या एसटीत एकमेकांच्या मांडीवर. 'कडून' हा शब्द तर त्यांनी पुढं पुढं सोडूनच दिला. म्हणायचे, "भांड्यावर नाव देनाराचंच असतंय, हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय. मग 'कडून' कशाला कोरू?" गावात कुणी तक्रार केली नाही. म्हणजे 'कडून'बद्दल केली नाही. दाटीवाटीच्या अक्षरांवरून गिऱ्हाइकं शिव्या घालायची, आणि वडील जेवायला गेलेले असले की त्या शिव्या मी खायचो.

दिवाळी झाल्यावर सायली सुट्टी काढून आली ती बॅगेपेक्षा मोठं, फोटो घ्यायचं यंत्र घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "अप्पा, मला आजोबांच्या अक्षरांचा फॉन्ट करायचाय."

मला हसूच आलं. "आगं, त्यांचं अक्षर शेवटाला चेंगरायचं."

"तेच तर पाहिजे मला. ओळ संपत आली की माझ्या फॉन्टमधलं अक्षरही आपोआप अंग चोरणार. असं कुठल्याच फॉन्टमध्ये नाही."

"म्हंजे ज्याच्यापायी मी शिव्या खाल्ल्या ते तू छापून देशभर वाटनार?"

"हो," ती म्हणाली, आणि तिनं यंत्राची वायर माझ्या मशीनच्या प्लगात घातली. माझं मशीन त्या दिवसापासून बंदच.

आता वडिलांची अक्षरं होती कुठं? दुकानात एक नाही. दिलेलं भांडं कुणी दुकानात ठेवतं का? ती सगळी गावातल्या फडताळांत, मोऱ्यांत, देवघरांत. मी चार जणांना सांगितलं आणि बघता बघता दुकानात भांड्यांची रीघ लागली. तांबे, कळशा, पातेली, पराती, डब्यांची झाकणं. प्रत्येक भांड्यावर मी ज्यानं आणून दिलं त्याच्या नावाची चिठ्ठी खळ लावून चिकटवली. सायली अक्षरांवर पातळ कागद धरायची, वरून पेन्सिल घासायची आणि ठिपका ठिपका कागदावर उठून यायचा. मग यंत्रावर फोटो, मग कॉम्प्युटर. एका परातीवर तिला मनाजोगता 'ळ' सापडला, तर ती परात घेऊन बाजारात नाचायचीच बाकी राहिली. मधल्या वेळात आजोबांची छिन्नी काढून फुटक्या झाकणांवर हात बसवायची. अंगठा सुजला, पण सोडलं नाही.

एक दिवस मात्र ती हिरमुसून बसली. "सगळी भांडी लहान, अप्पा. आजोबा सगळीकडे घाईत आणि अडचणीत. त्यांचं मोकळं अक्षर एकसुद्धा नाही. ते नसेल तर मोठ्या मथळ्याची अक्षरं मी कशावरून काढू?"

तेव्हा मला छबुबाईचा हंडा आठवला.

छबुबाई आणि कडूबाई या सख्ख्या बहिणी, दोघी आमच्याच गावात दिलेल्या. थोरली कडूबाई बद्रीनाथरावांची बायको. ऊस, ट्रॅक्टर, दोन मजली घर. धाकटी छबुबाई बजरंगाची. त्यांची मेंढरं. पण बहिणीबहिणींत कधी वर-खाली नव्हतं. धाकटीच्या लग्नात थोरलीनं तांब्याचा हंडा दिला, गावात तसा दुसरा नाही. त्यावर वडिलांनी नाव घातलं, 'सौ. कडूबाई बद्रीनाथ'. हंडा एवढा मोठा की आयुष्यात पहिल्यांदा वडिलांकडे जागा उरली.

अशा जिवाभावाच्या बहिणींचं बोलणं मागल्या निवडणुकीपासून बंद होतं, आणि कारण सांगितलं तर हसाल. कडूबाई मेंबरकीला उभी राहिली आणि थोडक्यात पडली. जिंकलेल्यांची मिरवणूक निघाली, डीजे, गुलाल, सगळं. नेमकी त्याच वेळी छबुबाई माळावरून मेंढरं घेऊन येत होती. पोरांच्या अंगात आलेलं, त्यांनी गुलालाचं अख्खं पोतं मेंढरांवर उधळलं. कडूबाई दारात उभी होती. तिला दिसली सख्खी बहीण, तिच्या हातात काठी, आणि पुढे विरोधकांच्या गुलालात न्हालेला सगळा कळप. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. हा रंग लोकर कातरेपर्यंत टिकला. रोज सकाळी माळावर जाताना आणि सांजेला परतताना ती गुलाबी मेंढरं कडूबाईच्या दारावरूनच जायची, कारण दुसरी वाटच नाही. जखमेवर मीठ चोळायचं म्हटलं तरी माणूस इतकं नेमानं चोळत नाही.

कडूबाई म्हणायची, "तिनं एकदा येऊन सांगावं, की मी त्यांच्यात नव्हते." छबुबाई म्हणायची, "सख्ख्या बहिनीला मी सांगू, की मी फितूर न्हाई म्हनून? तिला ठावं असाया नको?" भांड्याला भांडं लागतंच, पण इथं लागलेली भांडी कुणी उचलून बाजूला ठेवेना.

मी हंडा मागायला गेलो तेव्हा छबुबाई अंगणात तोच घासत होती.

"सायलीला चार दिस पायजे, मावशी. बाबांची अक्षरं घ्यायची हायत."

तिनं आधी हंड्यावरची राख धुतली. मग म्हणाली, "बंकटा, हा मी रोज घासती. आक्का बोलत न्हाई, तर तिचं नाव तरी रोज हाताखालून जातंय." पदराला हात पुसून तिनं हंडा माझ्याकडं सरकवला. "रैवारी सांजेला परत पायजे. दुसऱ्या कुनाच्या हातानं न्हाई, तुझ्या."

"शब्द दिला, मावशी."

सायली त्या हंड्यापुढं जमिनीवर बसली ती उठेचना. अक्षरं खरंच वेगळी होती. 'क'चं पोट भरलेलं, 'ड'ला हवं तेवढं वळण, दोन अक्षरांत वारा खेळायला जागा. ती म्हणाली, "बघा ना अप्पा, इथं आजोबांना कसलीच घाई नाहीये." वडिलांना मी जन्मभर घाईतच बघितलं. लग्नसराई, दारात गिऱ्हाइकं, तोंडात अर्धी भाकरी. त्यांचा असाही एक निवांत दिवस होता आणि तो या हंड्यावर राहिला होता. बंद मशीनला तेल घालायचं निमित्त काढून मी आत गेलो.

शनिवारी तेलगावला लग्न होतं. मी आणि सायलीची आई गेलो. भांडी रविवारी मी आल्यावर परत द्यायची, असं ठरलेलं. पण आमच्या दुकानात भांडी घासायला रतनबाई येते. तिनं बघितलं, लोकांची भांडी, त्यावर पेन्सिलीची काजळी आणि खळीचे डाग. तिला राहवेना. "लोकाची भांडी अशी कशी धाडायची?" म्हणून तिनं चिंच आणि राख घेऊन सगळी लख्ख घासली, पालथी घातली आणि घरी गेली. चिठ्ठ्यांचा लगदा मोरीतून वाहून गेला.

सायली काही घाबरली नाही. तिला वाटलं, चिठ्ठ्या गेल्या तर गेल्या, नावं तर भांड्यांवरच कोरलेली आहेत! अप्पा दमून येतील, त्यांच्या आधी आपणच देऊन यावं. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं हेही पोरगीला ठाऊक, म्हणून प्रत्येकात गुळाचा खडा घातला. रविवारी सकाळी टेम्पो केला आणि ज्याचं नाव त्याच्या दारात भांडं, अशी गावभर फिरली.

भांडीवाल्याची मुलगी असून तिला एवढं कसं कळलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण ती शाळेपासून लातूरला होस्टेलवर. आणि आता माझ्याकडे लोक येतात ते घरची भांडी हरवू नयेत म्हणून स्वतःचं नाव घालायला. तिनं पाहिलं ते एवढंच. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या, त्या तिनं कधी वाचल्याच नव्हत्या, आणि हंडा कुणाकडून आणला हेही मी बोललो नव्हतो. आजोबांच्या काळी भांड्यावरचं नाव देणाऱ्याचं असायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आजोबांनी तर 'कडून' गाळून ठेवलेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधीकाळी लग्नांत दिलेली भांडी घरपोच परत मिळाली, वर गूळ.

दुपारी आम्ही उतरलो तर दुकानापुढं ही गर्दी. सटवा पातेलं घेऊन सगळ्यांच्या पुढं.

"बंकट, भाच्याच्या लग्नात दिलेलं पातेलं कावून परत आलं बे? आमची काय खोट निघाली?"

त्याच्या मागं दीपमाला परात छातीशी धरून. "नंदेला दिलती मी ही. सकाळधरनं रडत बसली, म्हटलं माझं काय चुकलं! आन् नंद म्हनती, मी तर बंकटच्या दुकानात दिलती."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडलं तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना सांगितलं. मग जो हशा उसळला तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. भांडी काउंटरवर मांडली आणि ज्यानं त्यानं आपापली ओळखून घेतली. देणारे आणि घेणारे एकाच ठिकाणी जमलेले, त्यामुळं थोडी तपासणीही झाली. "हे आमीच दिलतं व्हय? मग बुड कावून एवढं जाळलंय?" असं सटवानं भाच्याला सुनावून घेतलं. चहा झाला. सायलीचे कान लाल, पण तीही हसत होती.

सगळे पांगल्यावर मी दुकानात नजर फिरवली.

"सायले, तांब्याचा मोठा हंडा कुठाय?"

"कडूबाईंच्या ओट्यावर ठेवून आले. घरी कुणी नव्हतं. हंडा मोठा, म्हणून त्यात गुळाची अख्खी भेली घातली."

बाकीच्यांचं हसण्यावारी गेलं, कारण त्यांच्यात वैर नव्हतं. पण अबोला धरलेल्या बहिणीकडून लग्नातला हंडा परत येणं म्हणजे काय? तुझं दिलेलं नको, तुझं नावही नको. जे आजवर तुटायचं राहिलं होतं ते माझ्या दुकानानं तोडलं होतं. आणि सांजेला छबुबाईच्या हातात हंडा द्यायचा शब्दही माझाच.

मी तसाच कडूबाईकडे निघालो. हंडा डोक्यात बसला तरी बसू दे, म्हणत आत पाऊल टाकलं. आतून तिळाचा आणि गुळाचा खमंग वास येत होता. कडूबाई तव्यापुढं बसली होती, पदरानं डोळे पुसत. शेजारी हंडा, चकचकीत.

"बग बंकटा, छबीनं काय धाडलं! हंड्यात गूळ घालून धाडला. थोरली मी. जायाला मी पायजे होते, तर धाकटीनं पयलं पाऊल टाकलं." तिनं पोळी उलटली. "तिच्याच गुळाच्या पोळ्या करती. सांजेला सोता घेऊन जाती, डोईवर."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तर तिनं एक पोळी त्यात घातली. एवढी गोड पोळी मला कधी इतकी जड गेली नव्हती.

घरी येऊन सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना खरं सांगायला हवं, अप्पा. चूक माझी आहे."

"जा मग. त्या तव्यापुढं उभी ऱ्हा आन् सांग."

ती दोन पावलं गेली आणि परत आली. "मला नाही जमायचं."

मग राहिली छबुबाई. शब्द तिला दिलेला, खरंही तिलाच सांगायचं. बापलेक दोघं तिच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. मेंढरं नुकतीच आली होती, आता सगळी पांढरी-काळी. मी सगळं सांगितलं, यंत्र, चिठ्ठ्या, चिंच, भेली, पोळ्या. छबुबाईचा चेहरा बदलत बदलत तापला.

"म्हंजे गावात काय झालं? छबी नमली! गुलाल काय मी मागून घेतलता माझ्या मेंढरांवर? यायला तिनं पायजे, आन् पाय धरले मी! येऊ दे आक्काला. तोंडावर सांगती, हंडा म्या धाडला न्हाई."

"आजी, मी सांगते त्यांना, सगळं माझ्यामुळं..." सायली बोलू लागली.

"तू गप. तुला अक्षरं तेवढी कळतेत."

मी हात जोडले. "मावशी, ती सगळ्या गावातनं पोळ्या घेऊन यायली. तुमी न्हाई म्हनलात तर ती परत जाईल, आन् पुन्ना कदी यायची न्हाई."

"मग न्हाई तर न्हाई," छबुबाई म्हणाली आणि मेंढरांना पाणी दाखवायला वळली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कडूबाई दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. बद्रीनाथरावांच्या बायकोनं डोक्यावर काही घेतल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. दारादारांत माणसं उभी राहिली. ती कुणाकडं न बघता चालत आली आणि अंगणात थांबली. मेंढरांनी तिला गराडा घातला. एक तर तिचा पदर चघळायला लागलं.

"छबे," कडूबाई म्हणाली, "हंडा तूच धाडलास न्हवं?"

सायलीनं माझा हात घट्ट धरला. मी मनातल्या मनात माझ्या मशीनचीसुद्धा शपथ घेतली की पुन्हा कुणाचं भांडं उसनं आणणार नाही. छबुबाई हंड्याकडं बघत होती, मग बहिणीच्या मानेकडं. ओझ्यानं मान थरथरत होती.

"आदी उतरव ते. मान मोडंल."

"आदी सांग."

"मग कोन धाडील?" छबुबाई ओरडली. "हंड्याला काय पाय हायत?"

आणि पुढं होऊन तिनं दोन्ही हातांनी हंडा उतरवून घेतला. वरचं फडकं काढलं, वास घेतला आणि म्हणाली, "गूळ लई घातलास."

"तूच धाडलास एवढा! काय करू मग?"

दोघी मेंढरांच्या मधोमध उभ्या राहून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या आणि रडता रडता पोळ्या वाटल्या. मी दुसरी पोळी खाल्ली, ती मात्र अलगद उतरली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच छबुबाई हंडा घेऊन हजर. बाजारचा दिवस नव्हता, तरी नवं लुगडं नेसलेली.

"यावर जागा हाय. आक्काच्या नावाशेजारी माझं घाल. मशीननं न्हाई, शहादेवबापूंच्या अक्षरात."

सायलीनं कॉम्प्युटरवर नाव लिहिलं, छापून काढलं आणि कार्बन लावून हंड्यावर उतरवलं. मग मांडीवर पोतं घेतलं, पोत्यावर हंडा आणि हातात आजोबांची छिन्नी. टिक टिक टिक टिक. किती वर्षांनी तो आवाज दुकानात येत होता. वडिलांची अक्षरं भांड्यावरून कागदावर गेली, कागदावरून कॉम्प्युटरात, आणि आता तिथून परत भांड्यावर येत होती. मी गल्ल्यावर बसून नुसता ऐकत राहिलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझी मुलगी पुण्यात काय करते.

'सौ. छबुबाई' ऐसपैस बसलं. 'बजरंग' सुरू झालं आणि शेवटचा 'ग' थेट कडूबाईच्या 'सौ'ला जाऊन टेकला, अगदी अंग चोरून.

"मोजलं होतंस ना?" मी विचारलं.

"मोजलं होतं, अप्पा. पण कागद सपाट, हंडा गोल." ती स्वतःच खो खो हसायला लागली. खाण तशी माती, दुसरं काय?

छबुबाईला मात्र ते फार आवडलं. "चांगलं हाय की, आक्काला चिकटून बसलंय." जाताना तिनं मला बाजूला ओढलं. "बंकटा, हंडा कुनी धाडला ते आक्काला कदी कळू देऊ नको. बिचारी लई खूश हाय."

मी शब्द दिला.

तेव्हापासून हंडा दोन्ही घरांत फिरतो. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, त्यामुळं इकडून धपाटे गेले की तिकडून शेंगदाण्याचे लाडू येतात, आणि वाट आमच्या दुकानावरून असल्यामुळं थोडी जकात मी घेतो. सायलीचा फॉन्टही पुरा झाला. त्याचं नाव तिनं 'शहादेव' ठेवलं. पुण्याच्या प्रदर्शनासाठी तिनं हंडा मागितला, तर दोघी बहिणींनी एकाच सुरात सांगितलं, फोटो ने, हंडा मोकळा न्हाई.

परवा, सायली सुट्टीला आली होती तेव्हा, कडूबाई लाडवांनी भरलेला हंडा घेऊन दुकानात टेकली. दम खाता खाता दोन्ही नावांवरून बोट फिरवत होती.

"अक्षर बापूंचंच वाटतंय," ती म्हणाली. मग इकडं तिकडं बघून हळूच, "बंकटा, एक इचारू? त्या दिवशी तुझ्या पोरीनं गल्लीत दारोदार भांडी ठिवली. शेजारच्या दीपमालाची परात बी गूळ घालूनच आलती. मला काय येवडं कळंना व्हय?"

मी तोंडात घातलेला लाडू तसाच राहिला. "मावशी, म्हंजे तुमाला..."

"मी वाटच बगत होते रे, छबीच्या घरचं कायतरी माझ्या दारात यावं म्हनून. आलं. कुनी आनलं ते कशाला बगू?" तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. "पन छबीला सांगू नको. आक्काला फसवलं म्हनून लई खूश हाय ती."

मी शब्द दिला आणि हंडा तिच्या डोक्यावर चढवला. ती छबुबाईच्या घराकडं वळेपर्यंत बघत राहिलो.

आतून सायलीनं विचारलं, "काय म्हणत होत्या, अप्पा?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "म्हनल्या, अक्षर चांगलं आलंय."